माशांच्या भ्रूणात कोणतं जनुक केव्हा जागं होतं: नागपुरात बसून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी माशांचं भ्रूण निवडलं, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "समुद्र सोडून नागपुरात कसले मासे?" दुसरा प्रश्न माझा मलाच पडला होता: सुरुवात नेमकी कुठून करायची? पुस्तकात उत्क्रांती एका प्रकरणात, भ्रूणशास्त्र दुसऱ्यात आणि जनुकं तिसऱ्यात. तिन्ही एकाच टबात कशी भेटतात हे कळायला माझं जवळजवळ एक वर्ष वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले, एम.एस्सी.चे, किंवा नुसती उत्सुकता असलेले, सगळ्यांना चालेल.

० – आधी मुद्दा काय आहे ते

दोन जवळच्या प्रजाती वेगळ्या दिसतात म्हणजे त्यांची जनुकंच वेगळी असतील, असं आपण सहज धरून चालतो. बहुतेक वेळा जनुक तेच असतं, प्रथिनही जवळपास तेच असतं. फरक पडतो तो ते केव्हा, कुठे आणि किती चालू होतं यात. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्ये माणूस आणि चिंपांझीबद्दल हीच शक्यता मांडली होती: प्रथिनांत इतका कमी फरक, मग देहात इतका कसा?

माशांत याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे स्टिकलबॅक. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या पोटाखाली काटे असतात. हिमयुग संपल्यावर, म्हणजे साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, जे गोड्या तळ्यांत अडकले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणच्या माशांचे ते काटे गेले. पिटएक्स-१ हे जनुक मात्र शाबूत! गेला तो त्याच्या शेजारचा एक छोटा नियामक तुकडा, जो फक्त कमरेच्या भागात ते जनुक चालू करायचा. जबड्यात आणि पीयूषिका ग्रंथीत ते जनुक लागतंच, तिथे ते चालूच राहिलं. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड किंग्सली यांच्या गटाने तो तुकडा जोडलेलं जनुक बिनकाट्याच्या माशाच्या अंड्यात घातलं आणि कमरेची हाडं परत उगवली. एवढं एक उदाहरण नीट डोक्यात बसवा. पुढचं सगळं त्याच सुताने चालतं.

१ – प्रश्न लहान करा

"माशांची उत्क्रांती" हा प्रश्न नव्हे. "दोन अमुक प्रजाती, एक अवयव, एक टप्पा, तीन-चार जनुकं" हा प्रश्न.

माझं मत विचाराल तर नवख्याने डॅनिओ कुळातच राहावं. झेब्राफिश, म्हणजे डॅनिओ रेरिओ, मूळचा आपल्याच उपखंडातला. १९८१ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कामामुळे तो प्रयोगशाळेतला मासा म्हणून नावारूपाला आला. त्याचा भाऊबंद पर्ल डॅनिओ, म्हणजे डॅनिओ अल्बोलिनिएटस, ॲक्वेरियमच्या दुकानातही मिळतो. झेब्राला निळे-पिवळे पट्टे असतात, पर्लला जवळजवळ नाहीत. कारण मजेशीर आहे. पर्लमध्ये पिवळ्या रंगपेशींना बोलावणाऱ्या सीएसएफ-१ या संकेताच्या जनुकाचं नियमन बदललं आहे. त्यामुळे त्या पेशी लवकर आणि जास्त पसरतात, आणि काळ्या पेशींना रांगेत उभं राहायला जागाच उरत नाही. २०१४ मध्ये हे छापून आलं. झेब्रामध्ये तो संकेत मुद्दाम लवकर चालू केला तर त्याचेही पट्टे बिघडतात. बदललं काय? मुख्यतः वेळ.

इथला सापळा: दुकानात "लेपर्ड डॅनिओ" म्हणून ठिपक्यांचा मासा देतात. ती वेगळी प्रजाती नाही! तो झेब्राफिशच आहे, एका जनुकातल्या बिघाडामुळे पट्ट्यांऐवजी ठिपके आलेला. एकेकाळी शास्त्रज्ञांनीसुद्धा त्याला वेगळं नाव दिलं होतं. आमच्या वर्गातल्या एकाने याच दोघांवर "दोन प्रजातींची तुलना" असा प्रस्ताव लिहिला होता. चमकणारे लाल-हिरवे झेब्राही घेऊ नका, त्यांच्यात बाहेरचं जनुक घातलेलं असू शकतं.

२ – परवानगी आधी, मासे नंतर

मासा पृष्ठवंशी आहे. त्यामुळे कॉलेजच्या संस्थात्मक प्राणी आचार समितीकडे अर्ज लागतो. कागद असे जमवा:

- फॉर्म बी, मार्गदर्शकांच्या सहीसह
- एका पानात प्रयोगाचा आराखडा: किती मासे, किती अंडी, किती दिवसांची पिल्लं
- मासे कुठून आणणार त्याचं बिल किंवा पत्र
- प्रयोग संपल्यावर माशांचं काय करणार, हे साध्या शब्दांत
- विभागप्रमुखांचं पत्र

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचं नाव बदललं आहे. पूर्वी सीपीसीएसईए होतं, आता सीसीएसईए आहे. जुना फॉर्म कुणाकडून तरी व्हॉट्सॲपवर मिळतो आणि अर्ज परत येतो. समितीची बैठक रोज होत नाही, म्हणून दिवाळीनंतर प्रयोग करायचा असेल तर पावसाळ्यातच अर्ज टाका.

फुटाळा किंवा अंबाझरीतून आपणच जाळं टाकून मासे आणू, हा विचारही मनातून काढा. बहुतेक तलावांवर मच्छीमार संस्थांचा ठेका असतो. शिवाय पकडलेल्या माशाचं वय, आजार, कूळ काहीच ठाऊक नसतं.

३ – पाणी, आणि मे महिना

लागणारं सामान: दोन-तीन काचेच्या टाक्या, हवेचा पंप, स्पंज फिल्टर, थर्मामीटर (एक नाही, प्रत्येक टाकीला एक), टायमरचा दिवा, सोडियम थायोसल्फेट, काचेचे कंचे किंवा प्लास्टिकची जाळी, पाश्चर पिपेट, पेट्री डिश, साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि इन्क्युबेटर. इन्क्युबेटर नसेल तर थर्मोकोलचा खोका, लहान हीटर आणि थर्मोस्टॅट यांवरही काम भागतं, हिवाळ्यात तरी.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय मासे सोडू नका. नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

झेब्राच्या अंड्यांचं ठरलेलं तापमान २८.५ अंश सेल्सिअस. आता नवतपात गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्यात हात घालून बघा, म्हणजे अडचण कळेल. इतर शहरांतले लोक हीटर लावून पाणी गरम ठेवतात. आपल्याला वर्षातले तीन महिने उलटा उद्योग करावा लागतो. कूलरवर भरवसा ठेवू नका. कूलर खोली गार करतो, पण कूलरच्या तोंडाशी असलेली टाकी आणि खिडकीशी असलेली टाकी यांत चार-पाच अंशांचा फरक राहतो. या वाक्याची किंमत मी पाचव्या पायरीत मोजली आहे.

४ – अंडी मिळवणं

संध्याकाळी एक नर, एक मादी, मध्ये पारदर्शक पडदा. टाकीच्या तळाशी कंच्यांचा थर किंवा जाळी. दिवा टायमरवर चौदा तास चालू, दहा तास बंद. सकाळी दिवा लागला की पडदा काढायचा. अर्ध्या तासात अंडी पडायला लागतात. चांगली मादी शे-दोनशे देते.

कंचे का? आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी पहिल्याच सकाळी सांगितलं होतं, "अंडे तं देले जी मॅडम, पन खाऊन बी टाकले त्यायनं." झेब्रा स्वतःचीच अंडी खातो. अंडी फटींतून खाली गेली तरच वाचतात.

अंडी गाळून, धुऊन, मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवा (प्रयोगशाळेत त्याला ई-३ म्हणतात). बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लूचा अगदी किंचित अंश. दोन-तीन तासांत पांढरी पडलेली अंडी काढून टाका, नाहीतर बाकीचीही कुजतात. आणि पडदा काढल्याची वेळ वहीत लिहा. मोबाईलवर नको, वहीतच.

५ – वय ओळखणं: घड्याळावर विश्वास ठेवू नका

हा लेख मुळात या एका पायरीसाठी लिहिला आहे, म्हणून इथे जरा थांबा.

माझा प्रयोग साधा होता. झेब्रा आणि पर्ल, दोघांची २४ तासांची भ्रूणं, चार जनुकं, क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते त्याच्या आरएनएवरून मोजण्याची पद्धत). निकाल आला तेव्हा मी हवेत होते. चारपैकी तीन जनुकांत मोठा फरक! मार्गदर्शकांना आलेख दाखवला. त्यांनी आलेखाकडे बघितलंच नाही, विचारलं, "सोमाइट किती मोजले होतेस?"

मोजले नव्हते (सोमाइट म्हणजे भ्रूणाच्या पाठीवरची ठोकळी, खाली सांगते). मोबाईलमध्ये फोटो होते, ते उघडले. पर्लच्या भ्रूणात हृदय धडधडत होतं, डोळ्यात काळी झाक आली होती. झेब्राचं शेपूट अजून पुरतं सरळही झालं नव्हतं. झेब्राचा टब कूलरसमोर होता, साधारण २६ अंशांवर. पर्लचा खिडकीशी, ३१ वर. मग मी झेब्राचीच अंडी दोन्ही जागी ठेवून सगळं पुन्हा केलं. झेब्राची झेब्राशी तुलना केली तरी जवळजवळ तोच "फरक" आला. मी उत्क्रांती मोजलीच नव्हती, मोजला होता तो कूलर.

झेब्रासाठी १९९५ मध्ये चार्ल्स किमेल आणि सहकाऱ्यांनी टप्प्यांची यादी दिली. तीत तापमानाचं सूत्रही आहे. २८.५ अंशांवर जो टप्पा "क्ष" तासांनी येतो, तो "त" अंशांवर क्ष भागिले (०.०५५ × त − ०.५७) इतक्या तासांनी येतो. करून बघा:

- २५ अंशांवर २४ तासांचा टप्पा यायला सुमारे ३० तास लागतात
- ३१ अंशांवर तोच टप्पा सुमारे २१ तासांत येतो
- ३३ वर साडेएकोणीस तासांच्या आत

३३ च्या वर हे सूत्र वापरू नका, तिथे भ्रूणं वाकडीतिकडी व्हायला लागतात. २५ च्या खालीही नको. माझ्या दोन टबांत २४ तास झाले होते, पण झेब्राच्या मापाने एक टब साडेवीस तासांवर होता आणि दुसरा सत्तावीसवर.

म्हणून वेळ नको, शरीर बघा. झेब्रात साधारण साडेदहा तासांनी पाठीवर पहिला सोमाइट दिसतो. सोमाइट म्हणजे पुढे स्नायू आणि मणके देणारी, विटांसारखी रचलेली ठोकळी. मग सुरुवातीला दर अर्ध्या तासाला साधारण एक, आणि २४ तासांपर्यंत तीसच्या आसपास. मायक्रोस्कोपखाली ते मोजता येतात, नवख्यालाही. "१८ सोमाइट" असं लिहा, "१८ तास" असं नको. दुसऱ्या कुळातला मासा घेतलात तर हे आणखी महत्त्वाचं. जपानी मेडाकाला अंड्यातून बाहेर यायलाच आठवडाभर किंवा जास्त लागतो. झेब्रा दोन-तीन दिवसांत बाहेर येतो. दोघांचे "४८ तास" शेजारी ठेवण्याला काही अर्थ नाही.

आता खरी गोम. वेळेचा फरक हा दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. कधीकधी तोच उत्क्रांतीचा फरक असतो. बाजारात मिळते ती चिलापी आठवा. तिच्या डोळ्यातली प्रकाश टिपणारी जनुकं वयाप्रमाणे बदलतात: पिल्लात एक संच, वाढल्यावर दुसरा. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले तिचे नातेवाईक, सिक्लिड मासे, त्यांपैकी काहींनी पिल्लाचा संचच मोठेपणीही चालू ठेवला आहे. तिथे संपूर्ण शरीर मागे पडलेलं नाही, फक्त डोळ्यातला तो एक बदल मागे राहिला आहे. फरक ओळखण्याची कसोटी हीच: सगळीच जनुकं एका बाजूला सरकली असतील तर तुमचं घड्याळ चुकलं, बाकी शरीर जुळतंय आणि मोजकीच जनुकं पुढे-मागे आहेत, तर काहीतरी सापडलं असण्याची शक्यता आहे.

६ – नमुने घेणं

एका नळीत वीस-तीस भ्रूणं, सगळी एकाच सोमाइट-संख्येची. अशा निदान तीन नळ्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या जोडप्यांच्या अंड्यांच्या. एकाच मादीची अंडी तीन नळ्यांत वाटली तर ती तीन निरीक्षणं होत नाहीत, एकच होतं.

दोन्ही प्रजातींचे नमुने एकाच दिवशी, एकाच किटने, आलटून-पालटून काढा. सोमवारी सगळे झेब्रा आणि गुरुवारी सगळे पर्ल असं केलंत तर वारांचा फरक प्रजातीचा म्हणून छापाल. क्यूपीसीआर करणार असाल तर एकाच संदर्भ जनुकावर (जे स्थिर धरून बाकीची जनुकं त्याच्याशी ताडतात) विसंबू नका; बीटा-ॲक्टिन सुरुवातीच्या तासांत स्थिर राहत नाही.

आणखी एक: पहिल्या तीनेक तासांत भ्रूणाची स्वतःची जनुकं बहुतांशी झोपलेलीच असतात. अंड्यात असतो तो आईने भरून दिलेला आरएनए. साधारण हजार पेशी झाल्यावर भ्रूण स्वतःचं काम सुरू करतं. त्याआधीचा फरक हा आयांचा फरक.

७ – मासे नकोत? लॅपटॉप पुरे

खरं सांगायचं तर परवानगी, टाक्या, मे महिना हे सगळं झेपत नसेल तर इथूनच सुरू करा. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. जगभरातल्या गटांनी आपली माहिती खुली ठेवली आहे. झेब्राची एका पेशीपासून पाच दिवसांपर्यंतच्या १८ टप्प्यांची मालिका २०१७ पासून उपलब्ध आहे. त्यातले जनुकांच्या मोजणीचे तक्ते ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर 'आर' या आकडेमोडीच्या मोफत संगणक-भाषेत आरामात उघडतात. कच्च्या फाइल मोठ्या असतात. त्या 'गॅलक्सी' या मोफत संकेतस्थळाच्या सर्व्हरवर चालवा. जनुकांच्या नावांसाठी 'एन्सेम्बल', आणि झेब्रात ते जनुक शरीरात कुठे दिसतं यासाठी 'झेडफिन'.

पहिला सराव म्हणून एक जुना निकाल हाताने तपासा. २०१० मध्ये क्रोएशिया आणि जर्मनीच्या संशोधकांनी झेब्रातल्या चालू जनुकांचं उत्क्रांतीतलं वय मोजलं. भ्रूणाच्या अगदी सुरुवातीला आणि शेवटी तुलनेने तरुण जनुकं जास्त चालतात. मधल्या टप्प्यात, जेव्हा सगळ्या पृष्ठवंशीयांची भ्रूणं एकमेकांसारखी दिसतात, तेव्हा सर्वांत जुनी. वाळूच्या घड्याळासारखी मध्ये निमुळती आकृती तयार होते. म्हणजे प्रजातींतले फरक शोधायचे तर मधल्या टप्प्यात कमी हाती लागतील, हे आधीच धरून चाला.

सापळा, आणि मोठा: टेलिऑस्ट गटाच्या, म्हणजे आजच्या बहुतेक अस्थिमत्स्यांच्या, पूर्वजात, बत्तीस ते पस्तीस कोटी वर्षांपूर्वी, सगळा जनुकसंच दुप्पट झाला. पुढे बऱ्याच जोड्यांतली एक प्रत गेली, काही राहिल्या. म्हणून शरीराचा डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे माणसात चार समूह, तर झेब्रात सात. "सॉक्स-९ हे जनुक कुठे आहे?" असं विचारलं तर झेब्रा विचारतो, "ए का बी?" एका प्रजातीतली 'ए' प्रत आणि दुसरीतली 'बी' प्रत शेजारी ठेवून फरक सापडल्याचं सांगणारे प्रकल्प मी तोंडी परीक्षेत पाहिले आहेत. तुलनेआधी एन्सेम्बलमधला वंशवृक्ष उघडा, आणि एकास-एक जोडी असलेली जनुकंच घ्या. पहिल्या प्रकल्पाला तेवढी पुष्कळ होतात.

८ – फरक सापडला, मग?

लगेच "नियामक तुकडा बदलला" असं लिहू नका. जनुक कमी चालतंय याची दोन कारणं असू शकतात: त्याच्या शेजारचा तुकडा बदलला, किंवा त्याला चालू करणारं दुसरंच कुणीतरी बदललं. ओळखायची युक्ती म्हणजे संकर. झेब्रा आणि पर्ल यांचं संकरित पिल्लू जगतं. त्याच्या एकाच पेशीत दोघांच्या प्रती, भोवतालची परिस्थिती एकच. तरीही पर्लची प्रत जास्त बोलत असेल, तर कारण त्या प्रतीच्या शेजारीच आहे. दोन्ही सारख्याच बोलायला लागल्या, तर कारण दुसरीकडे शोधा.

हा प्रयोग एम.एस्सी.त झेपणार नाही. पण अहवालाच्या शेवटच्या पानावर "पुढे हे करता येईल" म्हणून लिहा. बाहेरून आलेले परीक्षक तिथेच थांबून प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं.

आणि फरक सापडला म्हणजे तोच दिसण्याचं कारण, असंही नाही. मेक्सिकोतल्या आंधळ्या गुहामाशाचा डोळा भ्रूणात आधी तयार व्हायला लागतो, मग भिंग मरतं आणि डोळा खचतो. सॉनिक हेजहॉग हे जनुक त्याच्यात मध्यरेषेवर जास्त पसरलेलं दिसलं. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. उजेडातल्या माशाच्या भ्रूणात त्यांनी तोच संकेत वाढवला आणि त्याचाही डोळा खचलेला पाहिला, तेव्हा २००४ मध्ये छापलं. आपल्याकडे एवढी सोय नसेल तर "सोबत आढळलं" असं लिहावं. "मुळे" हा शब्द जपून.

९ – प्रयोगाच्या आदल्या रात्रीची यादी

- प्रत्येक टबावर चिकटपट्टी: प्रजात, जोडप्याचा क्रमांक, पडदा काढल्याची वेळ
- प्रत्येक टबात थर्मामीटर, आणि दर दोन तासांनी नोंद करणारा एक माणूस. मित्राला चहा आणि तर्री पोहे कबूल करा, येतो
- सोमाइट मोजायला पेट्री डिश आणि वही, मोबाईलचं चार्जिंग पूर्ण
- आरएनए काढायचं द्रावण, हातमोजे, धुराड्याच्या कपाटाची (फ्यूम हूडची) वेळ नोंदवलेली. त्या द्रावणात फिनॉल असतं, उघड्या टेबलावर काम नको
- बर्फ. मेमध्ये दुपारी आणलेला बर्फ संध्याकाळपर्यंत पाणी होतो, तेव्हा दोन पेट्या
- वीज गेली तर इन्क्युबेटरचं काय, याचं उत्तर. आमच्याकडे उत्तर होतं थर्मोकोलचा खोका आणि कोमट पाण्याच्या बाटल्या. चार तास तापमान एक अंशाच्या आत राहिलं होतं